एका आंघोळीपुरतं पोलाद

बाबा उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "पात्यावरचं धुकं दिसेनासं झालंय. चांगला शिकलगार शोध, दगडावर घासून नीट जिल्हई करणारा."

मी कामाच्या खोलीत गुडघ्यांवर बसून तातामीला काठ शिवत होते. आमचा धंदा जमिनीवर अंथरायच्या लव्हाळ्याच्या जाड चटयांचा, तीन पिढ्यांचा. सुई अर्धी आत गेलेली. ती तशीच ठेवून मी वर पाहिलं. बाहेर ओळीने टांगलेली पर्सिमनची फळं वाळत होती आणि त्यांच्या सावल्या बाबांच्या अंगावर हलत होत्या. त्यांच्या हातात जांभळ्या कापडी पिशवीतली तलवार होती. लेकराला आंघोळीहून आणावं तशी आडवी, दोन्ही हातांवर.

"डॉक्टर म्हणाले होते, बाबा..."

"डॉक्टरला तलवारीतलं काय कळतं? माझे डोळे अधू आहेत, कबूल. पण पातंही मळलंय. दोन्ही एकदम कसं होईल?"

मला विचारावंसं वाटलं की दोन्ही एकदम का नाही होणार. पण विचारलं नाही. बाबा चौऱ्याऐंशीचे. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलेला, आणि उरलेलंही नव्या वर्षापर्यंत जाईल असं सांगितलेलं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. माझ्याकडे बघून म्हणायचे, "हिसाए, तुझे कान दिसतात, तोंड नाही. बरंय म्हणा. तुझं तोंड आईसारखं होत चाललंय म्हणतात. उगाच दचकायला नको."

धुकं म्हणजे काय, ते आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतं. आमच्या नदीकाठच्या जुन्या लोहारांनी घडवलेल्या पात्यांत धारेच्या पांढऱ्या लाटेच्या वर आणखी एक फिकट सावली असते. पहाटे भातशेतावर तरंगते तशी. सरळ बघणाऱ्याला ती दिसत नाही. पातं उजेडाकडे तिरकं धरायचं, मान कलती करायची, मग ती हळूच उठते.

ही तलवार आमची नव्हे. युद्ध हरल्यावर परके शिपाई घरोघर तलवारी गोळा करत हिंडत होते, तेव्हा वरच्या आळीतल्या एका मास्तरांनी ती आजोबांकडे आणून दिली. आजोबांनी तिला तेलकट कागदात गुंडाळलं, जमिनीखाली निजवलं आणि वरून नवी चटई ठोकली. मास्तर म्हणाले होते, परत येऊन नेतो. ते आले नाहीत. पुढे कायदा सैल झाल्यावर आजोबांनी तिची सरकारी नोंद करून घेतली. बाबा मात्र आजही म्हणतात, "आपण मालक नाही, राखणदार."

आणि राखणदारी त्यांनी केली ती देवपूजेसारखी. महिन्यातून एकदा पाय दुमडून बसायचे, तलवारीला नमस्कार करायचे, तोंडात घडी घातलेला कागद धरायचे. श्वास पात्यावर पडायला नको म्हणून. मग मऊ कागदाने जुनं तेल पुसायचं, दगडाच्या पुडीची पोटली टिपायची, पुन्हा लवंगेच्या तेलाचा पातळ हात. उघड्या बोटाने पात्याला शिवायचं नाही, हा नियमांचा नियम. बोटाच्या घामाने पोलाद सडतं. लहानपणी मी एकदा नुसतं बोट पुढे केलं होतं, तर बाबा तोंडात कागद असताना ओरडले होते. कागद उडाला होता. आईला तर त्या खोलीतसुद्धा येऊ देत नसत. "तुझ्या हाताला सदा लव्हाळ्याचा ओलावा," म्हणायचे. आई दाराबाहेर बसून शिवत राहायची आणि मुद्दाम मोठ्याने गायची.

*सुई गं माझी सई, आरपार जाते*
*लोकांच्या घरात माझा टाका, माझं नाव कोण घेते*

आई गेली त्याला तीन वर्षं झाली.

*

मित्सुहाताकाका दुसऱ्याच दिवशी आले. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. गावातल्या तलवारप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात आता सहाच जण उरलेत आणि त्यातल्या चौघांना ऐकू येत नाही.

"इसाबुरो, या वयात आंधळा होऊन तू तलवार बघणार? मी धडधाकट डोळ्यांनी बायको बघितली, काय मिळालं?"

"तुझ्या बायकोला विचार तिला काय मिळालं," बाबा म्हणाले.

काकांनी देशात नाव असलेल्या एका शिकलगाराला फोन लावला. बराच वेळ "हो, हो, समजलं" झालं. फोन ठेवून ते म्हणाले, "अडीच वर्षं. आधी आलेल्या तलवारी रांगेत आहेत."

"अडीच वर्षांत मी आंधळा झालेला असेन, नाहीतर मेलेला."

"दोन्ही एकदम कसं होईल?" मी म्हटलं. बाबांनी माझ्या कानाकडे रागाने पाहिलं.

मग काकांनी मला अंगणात नेलं. "शहरात कुरीमोतो नावाचा एक आहे. लवकर करून देतो म्हणतात. माझा त्याच्याशी परिचय नाही. जाऊन बघ. पण एक लक्षात ठेव, पोरी. पात्याचा जो भाग मुठीत लपलेला असतो, त्यावर शेकडो वर्षांचा गंज असतो. तोच तिचा जन्मदाखला. जो शिकलगार तो गंज घासून चकचकीत करून देतो म्हणेल, त्याच्या दारात दुसऱ्यांदा उभी राहू नकोस."

कुरीमोतोंचं दुकान स्वच्छ होतं, दिवे पांढरेशुभ्र. माणूस हसतमुख, चाळिशीतला, हात झपझप चालणारे. मूठ उतरवून त्यांनी पातं दिव्याखाली धरलं. "तीन आठवडे," ते म्हणाले. "नव्या वर्षाच्या आधी देतो. आरशासारखी करून. वडील खूश होतील."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"हा एक डाग आहे मात्र. इथे. हा आधी उडवावा लागेल."

त्यांनी भिंग पुढे सरकवलं. मी वाकले. पात्याच्या रुंदीच्या मधोमध, मुठीपासून वीतभर अंतरावर, एक काळसर डाग होता. कडेला किंचित तांबूस. प्रथम नुसता डाग वाटला. मग त्यात रेषा दिसल्या. एकात एक वळलेल्या, नदीच्या भोवऱ्यासारख्या. आणि त्या सगळ्या रेषांना तिरका छेदत गेलेला एक कोरा पट्टा.

तो पट्टा मी लहानपणापासून ओळखत होते. तापात कपाळावर फिरलेला, तांदळाचे लाडू वळताना भातावर उमटलेला. आई लव्हाळ्याच्या शेतातल्या घरची. चौदाव्या वर्षी कापणीत विळा अंगठ्यावरून गेला होता.

*लव्हाळा कापिते, बाई, भर उन्हाच्या पारी*
*विळ्यानं चुंबला अंगठा, खूण राहिली जन्मभरी*

"आणि मुठीतला भागही घासून देतो," कुरीमोतो म्हणत होते. "फुकट. उगाच गंज कशाला ठेवायचा?"

मी भिंगावरून मान वर केली. काकांचं बोलणं आठवलं. खरं सांगायचं तर काकांनी सांगितलं नसतं तरी मी तलवार उचललीच असती. पण कारण मिळालं, ते बरं झालं. "वडलांना विचारून येते," म्हणाले आणि पिशवीची गाठ मारताना दोनदा चुकले.

गाडीत मला ते दिवस आठवले. बाबा खुब्याचं हाड मोडून दोन महिने इस्पितळात होते. जूनचा ओला महिना होता. भिंतींना बुरशी येत होती, कपडे वाळत नव्हते. एका दुपारी मी स्वयंपाकघरात आले तर आईच्या हाताला लवंगेचा वास. "कसला गं वास?" मी विचारलं. "दात दुखतोय," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला लागली.

तिला काळजी वाटली असणार. एवढी ओल, आणि नवऱ्याची तलवार तेलाविना. पन्नास वर्षं दाराबाहेरून ऐकलेले आवाज आठवून तिने एकटीने ते सगळं केलं असणार, कागद, पुडी, तेल. आणि कुठेतरी पातं मांडीवर घसरलं असेल, तिने अंगठ्याने सावरलं असेल. दाराबाहेरून नियम ऐकू येतात, हाताची पकड दिसत नाही.

त्याच हिवाळ्यात ती गेली. बाबांनी त्यानंतर दर महिन्याला तेल लावलं, पण डोळ्यांनी नव्हे, हाताच्या सवयीने. त्यांनी तो डाग कधी पाहिलाच नाही.

*

घरी आल्यावर मी बाबांना एवढंच सांगितलं की तो माणूस मुठीतला गंज घासायला निघाला होता.

"चांभार!" बाबा म्हणाले. मग, "चांभाराला तरी कातड्याची कदर असते. मी उगाच त्याला नाव ठेवलं."

अंगठ्याचं मी बोलले नाही. रात्री जेवताना त्यांच्या वाडग्यात मुळ्याची फोड ठेवली तेव्हाही डोक्यात तेच. सांगितलं तर ते जिल्हई करू देणार नाहीत आणि डोळे मिटेपर्यंत त्यांना धुकं दिसणार नाही. नाही सांगितलं तर कुठल्याशा खोलीत एक माणूस दगड फिरवेल आणि आई पाण्याबरोबर वाहून जाईल. यांना कळणारसुद्धा नाही. दोन्हींपैकी एक मला करायचं होतं, आणि दोन्ही मला नको होतं.

काकांना मात्र मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा पेला बाजूला ठेवला. नेहमीची थट्टा केली नाही.

"पात्याच्या बुडाशी तांब्याचं कडं असतं ना, ते सरकव," ते म्हणाले. "त्याखाली, पात्याच्या पाठीवर, बारीक रेघा असतील. शिकलगाराला नाव लिहायची मुभा नसते. नाव लोहाराचं. पण सगळी जिल्हई झाल्यावर पोलादी सळईने तो तिथे मोजून रेघा ओढतो. कड्याखाली झाकून जातात. ज्याला माहीत आहे त्यालाच त्या वाचता येतात. मागच्या वेळी तिला ज्याने हात लावला, त्याला शोधू."

मागची जिल्हई आजोबांनी करवली होती, साठ वर्षांपूर्वी. बाबा तेव्हा ओसाकात धंदा शिकत होते. कोणाकडून करवली, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कडं सरकवलं, भिंग धरलं. नऊ रेघा. आठ सारख्या, नववी निम्मीच.

काकांनी तीन दिवस फोन केले. बहिऱ्या चौघांपैकी एकाला आठवलं. निम्मी रेघ ओढणारा एकच होता, उत्तरेच्या डोंगरातला आशिदा. तो वारला. पण त्याच्याकडे शिकलेली एक जण अजून काम करते. त्याची सून.

*

दोन डब्यांची गाडी नदीच्या कडेकडेने वर गेली. तलवार गुडघ्यांत उभी धरून, नोंदणीचा कागद छातीशी ठेवून मी एकटीच गेले. आधी एकटीने बघायचं, असं ठरवलं होतं.

आशिदा ताझुको माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. ठेंगण्या, केस पुरुषासारखे कापलेले, हात कोपरापर्यंत लाल. कामाच्या खोलीची जमीन उताराची, पाणी एका कोपऱ्याकडे वाहून जावं म्हणून. लाकडी कुंडीत पाणी. बाजूला दगडांची रांग, काही विटेएवढे, काही नखाएवढे पातळ, कागदावर चिकटवलेले.

"कोणी पाठवलं?"

"नऊ रेघांनी," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण हात पुढे केला. कडं सरकवून पाहिलं. "सासऱ्यांची. नववी निम्मी. ते म्हणायचे, काम पूर्ण झालं असं ज्या शिकलगाराला वाटतं, त्याने दगड विकून टाकावेत." मग त्यांनी तोंडात कागद धरला आणि पातं खिडकीतल्या उजेडाकडे नेलं.

उत्तरेची खिडकी. सरळ ऊन येत नाही अशी. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी पातं वर केलं, खाली केलं, पालथं केलं, एकदा डोळे मिटून हातात नुसतं तोललं. अंगठ्याच्या जागी थांबल्या. पुढे गेल्या. परत तिथेच आल्या.

तोंडातला कागद काढून म्हणाल्या, "थकलीय. पात्याला वरून कडक पोलादाची कातडी असते आणि आत मऊ लोखंड. दर जिल्हईत कातडी झिजते. पाचशे वर्षांत हिला किती जणांनी आंघोळ घातली कोण जाणे. आता एकच उरलीय. एका आंघोळीपुरतं पोलाद. त्यानंतर जो दगड लावेल, त्याला आतलं मऊ लोखंड दिसेल. मग ती तलवार राहणार नाही, नुसतं आठवणीचं लोखंड."

त्यांनी पातं वळवून अंगठ्याचा ठसा माझ्यासमोर धरला.

"आणि हा कोणाचा?"

"आईचा."

"आहे?"

"नाही."

"वडलांना माहीत आहे?"

मी मान हलवली.

ताझुकोबाईंनी पातं म्यानात घातलं. हळूच, आवाज न करता. "मग मी दगड भिजवणार नाही. तुमची अडचण मला कळतेय. डोळे जायच्या आधी म्हाताऱ्याला काही दाखवायचंय. पण ही शेवटची आंघोळ आहे, आणि त्यात काय वाहून जाणार ते राखणदाराला माहीत नसताना मी ती घालू? सासरे वरून दगड फेकतील. नेमही चांगला होता त्यांचा." त्या उठल्या. "घेऊन या त्यांना. आणि तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

*

बाबांना प्रवासात फार बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी ते सबंध वाट बोलत राहिले. नदी दिसत नव्हती, पण तिच्या कडेचं पांढरं गवत दिसत होतं. "थव्याने बगळे बसलेत का गं?" "गवत आहे, बाबा." "बगळेच बरे होते," ते म्हणाले.

ताझुकोबाईंनी त्यांना शेगडीजवळ बसवलं, चहा दिला. पातं समोर मऊ कापडावर ठेवलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "पात्यावर एक अंगठा आहे. उघड्या अंगठ्याचा ठसा. गंजलेला."

बाबा ताठ झाले. "कुठल्या रेड्याने हात लावला?"

"आईने."

किटलीचं झाकण थरथरत होतं. ताझुकोबाईंनी ते हलकेच बाजूला केलं.

"तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा. ओल फार होती. तिने तेल लावलं असणार. हाताला लवंगेचा वास येत होता तिच्या. मी विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय."

"दात?" बाबा म्हणाले. "तिच्या तोंडात एकही दात खरा नव्हता."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरंच की. रोज रात्री कवळी काढून ती पेल्यात ठेवायची. मी रोज तो पेला धुवायचे. आणि त्या दुपारी माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

बाबांच्या घशातून एक आवाज आला. हसल्यासारखा सुरू झाला आणि मग कुठेतरी वाट चुकला. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"कसा आहे?" शेवटी त्यांनी विचारलं. मला नाही, ताझुकोबाईंना.

"काळा. पूर्ण उमटलाय. विळ्याचा वण दिसतोय. काळा गंज झोपलेला असतो, तो पुढे खात नाही. कडेला थोडा लाल आहे, तो जागा आहे."

"आणि धुकं?"

"आहे. धुकं कुठे जातंय? पात्यातच असतं. जिल्हई फक्त दार उघडते."

"सगळी जिल्हई केली तर?"

"तर धुकं टोकापर्यंत दिसेल आणि अंगठा जाईल. ती तलवारीची शेवटची आंघोळ असेल, पुढच्या जिल्हईला पोलाद उरणार नाही. तुम्ही म्हणाल तर करेन. हे काम मला जमेल, बढाई मारत नाही."

मला भीती वाटत होती. बाबांना नियम माहीत होते, त्यांनी नियमांवरच आयुष्य काढलं होतं. आईने साधा रुमाल चुकीच्या घडीत ठेवला तरी ते बोलायचे. मला वाटलं, आता म्हणतील, धुऊन टाका.

"मास्तर परत आले," बाबा हळूहळू म्हणाले, "आणि विचारलं की माझ्या तलवारीला हा कोणाचा हात लागला, तर मी काय सांगू?"

"ऐंशी वर्षं झाली, बाबा."

"झाली असतील. पण विचारलं तर? सांगेन, माझ्या बायकोचा. तुमची तलवार गंजू नये म्हणून लावला, त्यानेच गंजली. रागावले तर रागावू देत. मी तिच्यावर पन्नास वर्षं रागावलो, तेवढं पुष्कळ झालं." त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "अंगठा राहू दे. धुकं मला नाही दिसलं तरी चालेल."

ते खरं नव्हतं. "चालेल" म्हणताना त्यांची नजर खिडकीच्या कडेला लागलेली होती. तेवढाच उजेड त्यांना दिसत होता.

ताझुकोबाईंनी बोटं मोडली. "मी अजून माझं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं बाप-लेक फार घाई करता. मुठीच्या लगत, कड्याच्या वर, पोलाद अजून जाड आहे. तिथे मी दोन बोटांएवढी खिडकी उघडू शकते. सगळे दगड लावून, पण तेवढ्याच जागेत. जिल्हई करायची की नाही हे ठरवण्याआधी आम्ही अशी खिडकी उघडून बघतो. तुमची खिडकी उघडूनच ठेवू. लाल गंज तेवढा उचलते, काळ्याला तेलात निजू देते. शेवटची आंघोळ तशीच राहील. तुमच्यानंतर जो राखेल, तो ठरवेल."

"नऊ रेघा?" बाबांनी विचारलं.

"खिडकीवर कोण सही करतं? पुढचा करील."

"दोन बोटं," बाबा म्हणाले. ते आपली दोन बोटं जोडून डोळ्याच्या कडेशी नेऊन बघत होते. "मला तरी कुठे याहून जास्त दिसतं?"

*

खाली गरम झऱ्याजवळच्या खाणावळीत आम्ही दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तेव्हा कुंडीवर बर्फाची पापडी होती आणि ताझुकोबाईंची बोटं चिरलेली. त्यांनी त्याबद्दल काही सांगितलं नाही.

बाबांना खिडकीशी बसवलं. त्यांच्या तोंडात कागदाची घडी दिली. त्यांनी आधी नमस्कार केला, मग मूठ हातात घेतली. पातं उजेडाकडे तिरकं धरलं. आणि मान कलती केली, नेहमीपेक्षा जास्त, कारण आता त्यांना सगळ्या जगाकडे तसंच बघावं लागत होतं.

दोन बोटांएवढ्या जागेत पोलाद उघडलं होतं. खाली धारेची पांढरी लाट. तिच्या वर पोलादाचा मूळचा काळसर पट्टा, आणि त्याच्या वर, हलकं, फिकट, धुकं. मला दिसलं. बाबांना दिसलं की नाही ते मला कळेना. त्यांचा चेहरा हलला नाही. पातं मात्र हलत होतं, अगदी थोडं, मागेपुढे, मागेपुढे. धुकं उठवून बसवून पाहावं तसं.

मग त्यांनी पातं मांडीवर आडवं घेतलं. तोंडातला कागद काढला.

"कुठे आहे तो?"

मला समजलं नाही. ताझुकोबाईंना समजलं. त्यांनी बाबांचं मनगट धरलं आणि ठशाच्या जागी नेऊन सोडलं. आणि मग त्या उठून आपल्या दगडांकडे गेल्या. आमच्याकडे पाठ करून ते पुसू लागल्या. ते कोरडेच होते.

बाबांनी आपला उजवा अंगठा टेकवला. उघडा. आयुष्यात पहिल्यांदा.

चटया ओढून ओढून त्यांच्या अंगठ्याचं कातडं पायाच्या टाचेसारखं झालं होतं. त्याला कितीसं कळलं असेल? पण ते शोधत राहिले, फिरवत नव्हते, नुसते टेकवत होते. इथे, जरा वर, जरा बाजूला. मग थांबले.

"खडबडीत आहे," ते म्हणाले. "तिचे हात कधी मऊ नव्हतेच."

बाहेर कोणीतरी छपरावरचं बर्फ ढकललं, ते धप्प पडलं. बाबांनी अंगठा उचलला. नाकाशी नेला, वास घेतला. लवंगेचा असणार.

"हिसाए, पूस आता."

"बाबा, राहू दे की. थोडा वेळ..."

"वेडी आहेस का? घाम आहे माणसाचा, पोलाद खाईल." तोच जुना आवाज, कागद उडवणारा. मग तो खाली आला. "तिचा राहू दे. माझा पूस. तिच्या शेजारी माझा अंगठा उमटला तर ती म्हणेल, इथेही आलात रागवायला."

त्यांनी पातं माझ्याकडे दिलं. मला कधी त्यांनी ते हातात दिलं नव्हतं. मूठ धरताच हात खाली गेला, वाटलं होतं त्याहून जड. ताझुकोबाईंनी न बोलता पुडीची पोटली, मऊ कागद आणि तेलाची कुपी माझ्यासमोर ठेवली, आणि कागदाची नवी घडी माझ्या ओठांशी धरली. मी ती दातांत पकडली. बरं झालं. त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही, आणि तोंडातून जे यायचं होतं ते आतच राहिलं.

"खालून वर," बाबा म्हणाले. "टोकाकडे. उलटं नाही. अंगठ्याच्या कडेने पोटली टिप, त्याच्यावर नको. दिसतोय ना तुला तो?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, "दिसतोय ना?" मी पात्यावर वाकले. पोटली टिपत टिपत, भोवऱ्याच्या काठाकाठाने, विळ्याच्या पांढऱ्या वाटेपाशी जरा थांबत, बाबांचा अंगठा तेवढा पुसून काढला.